एक घंटी थांब, दोन घंट्या चला

बालवाडीतल्या गाण्यांवर गेल्या अंकात दोन पानं लिहिली आणि टपालाची पिशवी भरली. निम्म्या पत्रांत एकच मागणी आहे, "ताई, कृतिगीतांची यादी पाठवा." हातपाय हलवत म्हणायच्या या गाण्यांची यादी पाठवणार नाही. एकतीस वर्षं मुलांबरोबर जमिनीवर बसले, त्यात यादीनं कधी काम भागलं नाही. तेच गाणं एका वाडीत मुलांना उचलून धरतं आणि शेजारच्या वाडीत आडवं पाडतं. म्हणून यादीऐवजी सहा पत्रं घेतली आहेत. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये. संपादकांची पानं माझ्या गुडघ्यांसारखीच आहेत, फार ताणता येत नाहीत.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत पटावर २८ मुलं, तीन ते सहा वयाची. खोली दहा बाय बाराची, त्यात एका कोपऱ्यात आहाराची पोती आणि वजनकाटा. सुपरवायझर मॅडम कृतिगीतं घ्या म्हणतात. मोबाइलवर गाणं लावलं की मुलं टक लावून बघत बसतात, हात हलत नाहीत. नाचायला उठवलं की एकमेकांच्या अंगावर पडतात. काय करू? (अंगणवाडी सेविका, जत तालुका)

उत्तर : आधी मोबाइल पिशवीत टाका. तुमच्या मुलांचं काही बिघडलेलं नाही. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग छापला. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना वाजवायला ढोल दिला. कधी समोर माणूस ढोल वाजवत होता, कधी यंत्र, तर कधी स्पीकरमधून नुसता आवाज येत होता. माणूस समोर असला की मुलांचा ताल जास्त जुळला, अडीच वर्षांच्यांनाही वेग थोडाफार पकडता आला. स्पीकर कुणासाठी थांबत नाही. तुम्ही थांबता, मुलाकडे बघता, त्याचा हात उचलायला उशीर झाला तर शब्द लांबवता. हे तुम्ही करताच, फक्त त्याला शिक्षण म्हणत नाही.

आता जागेचं. माझा एक जुना खेळ सांगते. एसटी तुमच्या सगळ्या मुलांनी पाहिलेली आहे, कंडक्टरची दोरीही. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चला. पितळी वाटी आणि चमचा घ्या. आठ मुलं एकामागे एक, पुढच्याचा सदरा धरून उभी करा. ही झाली एसटी. बाकीची वीस भिंतीला टेकून बसवा. हा झाला रस्ता. रस्त्यानं मांडीवर थापा मारायच्या आणि एसटीनं त्या थापांवर चालायचं. शब्द माझे आहेत, चाल तुमची लावा :

एसटी आली, धूळ उडाली,
पाटी बघा हो, जतला निघाली,
म्हातारी चढली, पिशवी धरली,
टिंग वाजलं नि उभी राहिली.

'टिंग'ला वाटी वाजवायची. एसटी जागच्या जागी. थापा बंद. लगेच पुढं जाऊ नका, मनात चार मोजा, मग दोनदा वाटी. मी हा खेळ घेते तो या चार आकड्यांसाठी. गाणं पुढं ओढत असताना अंग आवरून धरायचं, हे मुलाला सोपं नसतं. तीन वर्षांच्या मुलाचे पाय थांबतात पण धड पुढंच जातं, म्हणून ते पडतं. पाच-सहा वर्षांचं पोर 'पिशवी धरली' ऐकताच घंटी येणार हे ओळखतं आणि आधीच पाऊल आखूड टाकतं. तुमच्या खोलीत दोन्ही वयाची मुलं आहेत, तेव्हा एसटीत पुढं मोठं, मग लहान, मग मोठं अशी रांग लावा. पडणं निम्म्यावर येईल.

चार दिवसांनी खेळ जुना होतो. मग घाट आणा. वाकून, जड पावलांनी, थापा संथ. उतार आला की भरभर. मग तिकिटं आणा. चिंचोके हेच तिकीट, प्रत्येक थांब्याला दोन उतरले, एक चढला, आता गाडीत किती? बेरीज-वजाबाकीचं नाव काढायची गरज नाही. (चिंचोके परत मोजून घ्या, लहानांच्या नाकातोंडात जातात. मी एकदा एक चिंचोका नाकातून काढायला तालुक्याला गेले आहे.)

वेगाबद्दल दोन शब्द. आपण मोठी माणसं लहानांसाठी गाणं मुद्दाम संथ घेतो, सोपं जाईल म्हणून. उलट होतं. मोठ्या माणसाचा स्वतःचा ठेका साधारण मिनिटाला शंभराच्या आसपास पडतो, तीन-चार वर्षांच्या मुलाचा दीडशेच्या जवळ. आखूड पाय, आखूड हात. संथ गाण्यावर पाऊल अधांतरी धरून ठेवावं लागतं आणि तोल तिथंच जातो. आधी मुलांना चालू द्या, त्यांच्या पावलांवर तुम्ही थाप धरा, गाणं त्यावर बसवा.

आणखी एक चूक, जी मी पहिली दोन वर्षं केली. मुलांकडे तोंड करून 'उजवा हात वर' म्हणताना मी माझा उजवा वर करायची. समोरच्या मुलाला तो डावीकडे दिसतो. तोंड मुलांकडे असेल तर तुम्ही डावा उचला, आरशासारखा.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याला नाचातून काढलं, 'ताल चुकतो, रांग बिघडते' म्हणून. घरी तो गप्प झाला आहे. त्याला तालाचं ज्ञानच नाही असं असू शकतं का? वेगळा क्लास लावावा का? (एक वडील, ठाणे)

उत्तर : क्लास लावू नका. आणि मला आधी माझं सांगू द्या, कारण तुमचं पत्र वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

१९९६ च्या गॅदरिंगला मीही एका मुलाला नाचातून काढून झाड केलं होतं. हातात फांद्या, जागेवर उभं राहायचं. तो हालला नाही, झाड उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी त्याची आई फांद्या परत द्यायला आली आणि सहज बोलून गेली, "घरी सगळ्यांचा नाच हा एकटाच करतो." तीन आठवडे तो झाडाच्या जागेवरून सगळा नाच शिकत होता आणि मला पत्ता नव्हता. त्यानंतर गॅदरिंगमध्ये मी कुणाला झाड केलं नाही. माझ्यामुळे शाळेचं बक्षीस चुकलं ते वेगळं.

पाचव्या वर्षी ताल 'चुकतो' म्हणजे काय होतं ते बघा. सिनेमाचं गाणं मोठ्यांच्या पायांसाठी केलेलं असतं. वीस मुलं, एक स्पीकर, समोर रंगमंचाचा उजेड. मुलाला गाणं ऐकायचं, शेजाऱ्याकडे बघायचं, पायरी आठवायची आणि रांगही धरायची असते. चारपैकी एक सुटतं. बहुतेकदा सुटतो तो ताल, कारण बाकीच्या तिन्हींवर बाई ओरडतात.

१९८४ साली मी काही दिवस डहाणू तालुक्यात कोसबादला राहून आले. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मी गेले तेव्हा ताराबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. शिकायला गेले होते बालवाडी, पण डोक्यात राहिला तो एका पाड्यावरचा तारपा. वाळक्या भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य घेऊन वाजवणारा मधे, भोवती हात गुंफलेली माणसांची साखळी. तो चाल बदलतो, साखळी पाऊल बदलते. तारप्याकडे पाठ कुणी करत नाही. साखळीच्या शेपटाला पोरंसोरं लोंबकळत होती, पावलं निम्मी चुकत होती, आणि कुणीही त्यांना बाहेर काढत नव्हतं. मोठ्यांच्या हातांनी ओढून पावलं आपोआप जागेवर येत होती. मी बी.एड.ला शिकलेलं बरंच काही त्या रात्री विसरले.

तुम्ही घरी एवढंच करा. संध्याकाळी त्याच्याबरोबर चाला. तो जसा चालतो तसा चालू द्या आणि त्याच्या प्रत्येक पावलाला तुम्ही एक शब्द म्हणा, काहीही. "डा-वा, उज-वा, दू-ध, पो-हे." त्याला कळू द्या की ठेका त्याच्या पायात आहे. आठ-दहा दिवसांनी तुम्ही अगदी थोडा वेग वाढवा, तो तुमच्या मागे येतो का बघा. मग हात धरून फुगडी. फुगडीत दोघांचा ताल जुळल्याशिवाय गिरकी बसतच नाही, आणि जुळवण्यासाठी कुणाला मोजावं लागत नाही. मुलगा आहे म्हणून लाजू नका, आमच्या भागात वारीत बाप्येही फुगड्या घालतात.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. पाच वर्षांचं मूल एका पायावर दोन-चार लंगड्या घालू शकतं. ते अजिबात जमत नसेल, सपाट जागेवर वारंवार पडत असेल, किंवा मागून हाक मारली तर वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. ताल चुकणाऱ्या मुलांत मला दोनदा कमी ऐकू येणारी मुलं सापडली आहेत, एकाच्या कानात तर नुसता मळ होता.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, थोडा तबला वाजवतो. नात दुसरीत आहे. आम्ही पावकी-निमकीपर्यंत घोकलं, हिला साधा सातचा पाढा येत नाही. चालीवर म्हणते तेव्हा येतो, मधूनच विचारलं की अडते. चालीवर पाढे म्हणणं चूक की बरोबर? शिवाय ते 'वीस एक, वीस दोन' काय प्रकरण आहे? (एक आजोबा, नाशिक)

उत्तर : काका, तुम्हालाही मधूनच विचारलं की तुम्ही मनातल्या मनात 'सात एके सात'पासून धावत येता, फक्त आता वेग एवढा आहे की कळत नाही. चाल ही दोरी आहे. विहिरीतून घागर वर येते, पण दोरी नेहमी त्याच टोकाकडून ओढावी लागते. म्हणून चाल हवीच, पण तिला मधूनमधून गाठी मारायच्या.

तुम्हाला तबला येतो, म्हणजे निम्मं काम झालं. दादरा तालाच्या सहा मात्रा, म्हणजे ठोके, तीन-तीनच्या असतात. तुम्ही दादरा धरा, नातीनं अंगणात एक-दोन-तीन, चार-पाच-सहा मोजत चालायचं, प्रत्येक तिसऱ्या पावलाला उडी आणि तो आकडा मोठ्यानं, बाकीचे कुजबुजत. तीस पावलांत तीनचा पाढा पायाखालून जातो. चार-चारच्या केरव्यावर चारचा. आणि सातच्या पाढ्याला तुमच्याकडे रूपक आहेच, तीन-दोन-दोन. सातव्या मात्रेला उडी. 'सात चोक' म्हटल्यावर तिला चौथी उडी कुठं पडली, तुळशीजवळ की नळाजवळ, ते आठवलं पाहिजे. मग तुळशीपासून सुरुवात करा. मग उलटं या. हीच गाठ. (रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीची नसून 'खाली'ची असते हे तिला आता सांगू नका. मलाही ते तिशीत कळलं.)

'वीस एक'चं म्हणाल तर २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' वाचायची ही पद्धत आणली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला तुम्हाला आठवत असेल. अडचण खोटी नव्हती. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. पण म्हणून 'पंचवीस'ला घराबाहेर काढायची गरज मला वाटली नाही, अजूनही वाटत नाही. चालीवर दोन्ही एकदम म्हणून घ्या, "वीस नि पाच, पंचवीस." खरी गोची 'एकोण'ची आहे. त्यासाठी खडूनं जमिनीवर एक ते पन्नासची पट्टी आखा. नातीला तिसावर उभं करा. तुम्ही 'एकोऽऽण' लांबवा, आणि 'तीस' म्हटलं की तिनं एक घर मागं उडी मारायची. चाळीसवर उभं करा, पुन्हा तेच. एकोण म्हणजे एक उणा, हे तिच्या टाचांना कळेल.

प्रश्न : आमचं बाळ १४ महिन्यांचं आहे. बुद्धी वाढावी म्हणून रोज तासभर मोझार्ट लावतो. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा राग लावा. कोणतं जास्त उपयोगी? (एक आई, पुणे)

उत्तर : दोन्ही सुंदर आहेत, तुम्ही ऐका. बुद्धीचं जे बोललं जातं त्याचं मूळ १९९३ च्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात बाळ एकही नव्हतं, कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते. दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या एका कसोटीत त्यांनी बरं काम केलं आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. एवढ्यावर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीत देण्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे मागितले. आपल्याकडेही हौशी राजे होऊन गेलेत, हसू नका.

तो तास बाळाला मांडीवर घ्या आणि तळहातावर बोट टेकवत 'इथे इथे बस रे मोरा' म्हणा. शेवटी मोर भुर्रकन उडतो त्याआधी थांबा. बाळ श्वास रोखून तुमच्याकडे बघेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःच हात वर नेईल. पुढे काय येणार हे त्याला कळलं. हे सासूबाईंना करू द्या, त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं येत असणार. आणि गाण्याबरोबर पडद्यावर चित्रं लावत असाल तर ती बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला एक वर्षाच्या बाळाला पडदा नकोच असा आहे, आणि दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी असाही.

प्रश्न : मी पहिलीला शिकवतो. मुलं घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलतात, माझी मराठी त्यांना निम्मी कळते. गाण्यातून शिकवा असं प्रशिक्षणात सांगितलं, पण मला सूर नाही. मी सुरू केलं की मुलं गप्प होतात किंवा भलत्याच सुरात ओरडतात. (जिल्हा परिषद शिक्षक, अक्राणी तालुका, नंदुरबार)

उत्तर : गुरुजी, सूर तुम्हाला आहे, तो मुलांसाठी फार खाली आहे. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा सप्तकभर खाली बसतो. तुम्ही खालून म्हणता, मुलं तुमचा सूर शोधायला खाली येतात, तिथं त्यांच्या गळ्यात आवाज नसतो, मग ती गप्प बसतात किंवा ओरडतात. उपाय असा की सुरुवात तुम्ही करायचीच नाही. वर्गात एक गाणारी पोर असतेच, बहुतेकदा मागच्या रांगेत. पहिला शब्द तिला म्हणू द्या, तिच्या सुरावर वर्ग उचलेल, तुम्ही खाली गुणगुणत ताल धरा. पेटी असेल तर मधल्या सप्तकातल्या 'पांढरी दोन' या पट्टीवर 'सा' धरा आणि पाच-सहा सुरांच्या वर चाल नेऊ नका.

गाणं मराठी असलं पाहिजे असं तुम्हाला कुणी सांगितलं? पहिला महिना त्यांचं गाणं त्यांच्याकडून शिका. चुका. मुलं तुम्हाला हसतील आणि दुरुस्त करतील, त्या दिवशी वर्ग बोलायला लागेल. मग त्याच चालीत एक मराठी शब्द घाला, 'हात', दुसऱ्या दिवशी 'पाय'. चाल ओळखीची असली की नवा शब्द परका वाटत नाही. कुणाची आजी शाळेजवळून जात असेल तर तिला बोलवा. तिला व्हरांड्यात खुर्ची द्या. ती खुर्चीवर बसणार नाही, पण द्या.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, सहा-सात महिन्यांपासून बोलताना अडखळते. गाणं मात्र एकदाही न अडता म्हणते. गाण्यानं हे बरं होईल का? (एक आई, चिपळूण)

उत्तर : गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना अडखळणं बहुतेकांचं थांबतं, हे खरं. पण गाणं संपलं की ते परत येतं, म्हणून नुसत्या गाण्यावर विसंबू नका. या वयात पुष्कळ मुलांचं अडखळणं आपणहून जातं. तरी सहा महिने उलटले आहेत, तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथं वाचा आणि श्रवण दोन्हींची तपासणी होते. तोवर 'हळू बोल', 'नीट बोल' हे दोन शब्द घरातून हद्दपार करा. दिवसात एकदा तिच्याबरोबर गाणं म्हणा, औषध म्हणून नाही. जे तिला न अडता येतं ते तिला रोज एकदा मिळावं म्हणून. येत्या नवरात्रात शेजारच्या मुली जमवून भोंडला घाला. फेर धरून सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळायला त्याच्याइतकी बरी जागा मला ठाऊक नाही. आणि खिरापत ओळखायची वेळ आली की तिला एकटीला बोलावं लागेल. तेव्हा ती अडखळली तर सगळ्याजणींनी थांबायचं, शब्द पुरवायचा नाही, हे मुलींना आधी सांगून ठेवा. मुली ऐकतात. आयांना दोनदा सांगावं लागतं.

पुढच्या अंकासाठी तुमच्या भागातली गाणी कळवणार असाल तर एक विनंती. शब्दांबरोबर हात आणि पाय काय करतात तेही लिहा. 'आपडी थापडी'चे शब्द मला शंभर पत्रांतून आले आहेत, कान कोणत्या शब्दाला धरायचा हे एकानंही लिहिलेलं नाही.